नाताळच्या दिवशी बाबांनी मारलेला मुटका

आम्ही आयर्लंडमधल्या ॲथलोनला राहायला लागून तीन वर्षं झाली होती. नवरा तिथल्या एका टेलिकॉम कंपनीत होता, मुलगी पहिलीत होती, आणि त्या हिवाळ्यात माझे सासरे आमच्याकडे आले होते. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. बाबा अमरावतीच्या घरात एकटेच असायचे. फोनवर विचारलं की "बरं हाय" एवढंच म्हणायचे. नवऱ्याने एक दिवस न सांगताच त्यांचं तिकीट काढलं.

आल्यापासून ते फार बोलत नव्हते. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पावसाकडे बघायचे. जन्मभर पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, त्यामुळे पाणी बघायची सवय असेल असं मी मनाशी म्हणायचे. मी पुण्याची, ते वऱ्हाडातले. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी आमचं बोलणं चहा, जेवण आणि औषधांच्या वेळा यापलीकडे गेलेलं नव्हतं. ते मला सूनबाई म्हणायचे, मी वाकून नमस्कार करायचे, संपलं.

नाताळच्या सुट्टीत डब्लिनला तीन दिवस जाऊ या, असं नवऱ्यानेच ठरवलं. लिफी नदीच्या काठावर एक सुट्टीपुरता फ्लॅट मिळाला. मुलीला प्राणिसंग्रहालय दाखवायचं कबूल केलं होतं. खायचं बाहेरच, म्हणून मी बरोबर काही घेतलं नाही. चोवीस तारखेला दुपारी आमच्या जुन्या गाडीतून निघालो. वाटेतल्या किलकॉक गावापर्यंत गाड्यांची रांगच रांग होती. पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि अंधार पडला होता, पण शहर नुसतं उजळलं होतं. ग्राफ्टन स्ट्रीटवर इतकी गर्दी की बाबांनी नातीचा हात एकदाही सोडला नाही.

"नागपूरच्या सीताबर्डीवानी हाय," ते म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं पहिलं वाक्य.

फ्लॅटच्या मालकिणीने चिठ्ठी ठेवली होती की जास्तीच्या रजया 'प्रेस'मध्ये आहेत. बाबा म्हणाले, "रजया इस्त्री कराले टाकल्या काय?" प्रेस म्हणजे इथे कपाट, हे नवऱ्याने सांगितलं तेव्हा त्यांच्या मिशीखाली जरासं हसू आलं. त्या रात्री मला तेवढंच पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणि ब्रेड आणायला खाली उतरले. कोपऱ्यावरचं दुकान बंद. पुढचंही बंद. पूल ओलांडून पलीकडे गेले, तिथेही सगळी शटर खाली. रस्त्यावर माणूस नाही, बस नाही. सीगल तेवढे भर रस्त्यात चालत होते. काल संध्याकाळी जिथे पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे माझ्याच बुटांचा आवाज मला ऐकू येत होता.

परत आले तर नवरा तोंड पाडून बसलेला. त्याने ऑफिसातल्या एका मित्राला फोन लावला होता. मित्र आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला की आज अख्ख्या देशात बस, ट्रेन, दुकान, हॉटेल काही म्हणजे काही चालू नसतं. तीन वर्षं आम्ही नाताळ घरातच काढले होते, त्यामुळे कधी कळलंच नव्हतं.

"आणि झू?" मुलीने विचारलं.

"झूसुद्धा बंद आहे, बेटा."

तिने रडायला सुरुवात केली. खायला घरात एक बिस्किटाचा पुडा आणि चार केळी होती. नवरा आणि मी एकमेकांवर चिडलो. तू विचारायला हवं होतंस, नाही तू, असं ते सुरू झालं. बाबा उठले, त्यांनी कोट घातला, मफलर गुंडाळला.

"गाडी तं चालू हाय ना? मंग चाला. घरात बसून काय करता?"

केळी खाऊन आम्ही निघालो. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेकडे गाडी जात राहिली. डन लेअरी बंदराच्या पुढे गेल्यावर मात्र अचानक माणसं दिसायला लागली. कोणी बाथरोबमध्ये, कोणी सांताच्या टोपीत, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या काखेत टॉवेल.

बाबा पुढच्या सीटवर ताठ झाले. "थे लोकं टॉवेल घेऊन कुठं जाऊन राह्यले?"

"काय की," नवरा म्हणाला.

"लाव गाडी. पाहू तं."

आम्ही त्यांच्यामागे चालत गेलो. फोर्टी फूट म्हणतात त्या जागेला. मोठमोठे खडक, त्यातून समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्या, लोखंडी कठडा आणि खाली काळंहिरवं पाणी. त्या पाण्यात लोक उड्या मारत होते. आजोबा, कॉलेजची पोरं, एक गरोदर बाई, सगळे. किंचाळत आत जायचे, किंचाळत बाहेर यायचे. दर नाताळला इथे असंच चालतं, हे शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी सांगितलं. साठीच्या असतील. त्या नुकत्याच बाहेर आल्या होत्या आणि थर्मासमधून चहा पीत होत्या.

माझ्या हातात हातमोजे होते तरी बोटं दुखत होती. बाबा मात्र खडकाच्या टोकाशी जाऊन उभे होते. बराच वेळ. मग त्यांनी मफलर काढला आणि माझ्या हातात दिला. नंतर कोट. नंतर स्वेटर.

"बाबा, काय करताय?" नवरा धावला. "न्यूमोनिया होईल!"

"काही नाही होत. त्या म्हातारीले झाला काय?"

"तिला सवय आहे. तुम्ही अडुसष्टचे आहात."

"मी काय लहान पोट्टा आहो काय? गावच्या विहिरीत पोहूनच मोठा झालो मी. तुया मायनं सोडवलं म्हनून सोडलं."

हे नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. सासूबाईंच्या माहेरी कोणी तरी विहिरीत बुडालं होतं आणि लग्नाच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी बाबांकडून वचन घेतलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. चाळीस वर्षं कालव्याच्या काठाने चालले, पण पाण्यात पाय घातला नाही.

पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर ते पायऱ्यांकडे निघाले. लाजेने मी दुसरीकडे बघायला लागले, पण तिथे कोणालाच त्याचं काही नव्हतं. पायऱ्यांवर रांग होती. बाबा थोडं थांबले, मग रांग सोडून बाजूच्या खडकावर चढले, गुडघे पोटाशी घेतले आणि सरळ मुटका मारला.

केवढं पाणी उडालं!

आणि मग काही दिसेना. मी मुलीचा खांदा घट्ट धरला होता. नवरा बुटांसकट पायऱ्या उतरायला लागला. तेवढ्यात पांढरं डोकं वर आलं. "बापा बापा बापा!" असा त्यांचाच ओरडा ऐकू आला, आणि बाबा हात मारत कठड्याकडे आले. आजूबाजूच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. एकजण नवऱ्याला म्हणाला, "युवर मॅन इज ग्रँड!" इथल्या भाषेत, हा माणूस झकास आहे. आमची लेक खडकावर उड्या मारत, अस्सल आयरिश सुरात ओरडत होती, "आजोबा, यू आर मॅड! डू इट अगेन!"

पुन्हा त्यांनी केलं नाही. बाहेर आले तेव्हा दातावर दात आपटत होते. आमच्याकडे टॉवेल कुठला? त्या थर्मासवाल्या बाईंनी आपला ओला टॉवेल दिला, वर एक लोकरीची घोंगडी दिली. बाबांनी शर्ट घातला, पण बोटं इतकी आखडली होती की बटण धरवेना. नवरा बूट काढून पाणी ओतत होता. मग मीच पुढे झाले.

एकेक बटण लावत गेले. ते मान वर करून, लहान मुलासारखे उभे होते. पायांवर डोकं टेकवण्यापलीकडे मी त्यांना कधी हात लावला नव्हता. छातीवरचे पांढरे केस ओले होते आणि आत धडधड चालली होती. मफलर गुंडाळून झाल्यावर मी त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत घेऊन चोळत बसले.

"तुयी सासू असती तं आज मले घरात घेतलं नसतं," ते म्हणाले. आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. समुद्राचं नव्हे. मी हात चोळत राहिले.

बाईंनी डबा उघडून पुढे केला. "मिन्स पाय," त्या म्हणाल्या. मिन्स म्हणजे खिमा, एवढंच आम्हाला माहीत होतं. आम्ही शाकाहारी आहोत, असं मी घाईने म्हटलं. बाई हसल्या. अहो, आत मनुका आणि सफरचंदच आहेत, त्यांनी सांगितलं. मग काय, भुकेल्या पोटी आम्ही चौघांनी तो डबा जवळजवळ रिकामा केला. जुन्या पद्धतीच्या मिन्स पायमध्ये काय चरबी घालतात ते मला दोन वर्षांनी कळलं. बाबांना मी ते कधीच सांगितलं नाही.

बाई निघताना म्हणाल्या, "पुढच्या नाताळला मी इथेच असेन, त्यांना सांगा." मी सांगितलं. बाबांनी हात जोडले.

परतताना गाडीत ते बोलत सुटले. विहिरीत सूर कसा मारायचा, मुटका कसा, पाठीला भोपळा बांधून पोरांना कसं शिकवायचे, आणि सासूबाई पहिल्यांदा विहिरीवर आल्या तेव्हा काठापासून दहा हात लांब कशा उभ्या होत्या. नवरा गाडी अगदी हळू चालवत होता. रस्ता रिकामाच होता, घाई नव्हती.

सर्दी बाबांना झाली नाही, मला झाली. सव्वीस तारखेचा अख्खा दिवस मी त्या फ्लॅटमध्ये रजई घेऊन पडून होते, आणि बाबांनी, कुठून तरी आलं मिळवून आणून, मला तीनदा चहा करून दिला. बेचव होता. मी प्रत्येक वेळी सगळा प्यायले.

जानेवारीत मुलीला ॲथलोनच्या जलतरण तलावात पोहण्याच्या क्लासला घातलं. बाबा परत जाईपर्यंत दर शनिवारी तिच्याबरोबर गेले. वरच्या बाकावर बसून, शिकवणाऱ्या मुलीच्या आवाजावर आवाज चढवून ते ओरडायचे, "पाय मार माय, पाय मार!" आणि ती पाण्यातून वर बघून म्हणायची, "आय ॲम, आजोबा!"