क्वालिसचं दावं

परभणीहून झरीला सकाळी साडेनवाला निघणारी क्वालिस आणि तिचे मालक तात्याराव, या दोघांत जास्त हट्टी कोण, हे मला सोळा वर्षांत ठरवता आलं नाही. मी झरीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आम्ही सात-आठ मास्तर-मास्तरणी रोज परभणीहून अपडाऊन करायचो आणि तात्याराव आम्हाला हजेरी घेतल्यासारखे मोजून गाडीत बसवायचे. मी एकदा चार मिनिटं उशिरा पोचले, तर गाडी निघून गेली होती. मी एसटीने गेले, शाळा सुटल्यावर त्यांना गाठलं आणि भर चौकात झापलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, उद्या साडेनवाला या. माझं डोकं लवकर तापतं, त्यांचंही तसंच. पहिली दोन वर्षं आमचं बोलणं म्हणजे भांडणच होतं. मग मधल्या सीटवरची डावी खिडकी मला कायमची मिळाली आणि तह झाला.

ही गाडी त्यांनी २००३च्या दसऱ्याला नवी कोरी घेतली. त्याआधी घरात बैलांचा नाद. त्यांचे वडील बैलबाजारातले जाणकार; नुसतं शेपूट बघून बैलाचं वय सांगत म्हणे. तात्यारावांनी तीच नजर गाडीला लावली. नवी गाडी घरी आणायच्या आधी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, टायर दाबून पाहिले, दार चार वेळा उघडझाप केलं आणि मग सांगितलं की जनावर जातिवंत आहे. गावात तात्याराव नावाची आणखी तीन माणसं होती. त्या दसऱ्यापासून हे ‘क्वालिसवाले’ झाले आणि बाकीचे तिघे नुसते तात्याराव राहिले.

कृषी विद्यापीठातले एक प्राध्यापक काही महिने याच गाडीने यायचे. त्यांनी एकदा तात्यारावांना क्वालिस बनवणाऱ्या जपानी कंपनीची जन्मकथा सांगितली आणि तिथून आमचे हाल सुरू झाले. नवा प्रवासी बसला की कथा सुरू. जपानात एका सुताराचा मुलगा होता. गावातल्या बायका हातमागावर राबून थकतात हे बघून त्याने माग सुधारायला घेतला. सुधारता सुधारता असा माग केला की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा, वाईट कापड पुढे विणतच नसे. पुढे त्या मागाचे हक्क इंग्रज कंपनीला विकले आणि त्याच्या मुलाने मोटारी करायला घेतल्या. इथवर खरं होतं, मी नंतर वाचून पाहिलं. पुढचं मात्र तात्यारावांचं स्वतःचं. त्या मागांवर पहिला कापूस परभणीचा लागला होता, असं ते शपथेवर सांगायचे. पुरावा विचारला की म्हणायचे, एवढा चांगला माग हलक्या कापसावर कोण चालवंल?

या कथेतला दुःखाचा भाग म्हणजे २००५ साल. गाडी जोरात खपत असतानाच कंपनीने क्वालिस बंद केली आणि इनोव्हा आणली. दुभती म्हैस कुणी विकतं का, असं म्हणत तात्यारावांनी तेरा दिवस दाढी केली नाही. कमलबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, चौदाव्या दिवशी वस्तरा पुढे ठेवला तेव्हा सुतक फिटलं. आमच्यातले दत्तराव गुरुजी पुढे इनोव्हावाले झाले आणि तिचं कौतुक करू लागले. तात्यारावांनी एका वाक्यात विषय मिटवला. इनोव्हा चांगलीच आहे, पण ती सून आहे आणि ही सासू. सून कितीही गुणाची असली तरी घर सासूला विचारून चालतं. त्यावर दत्तराव गुरुजींनी आपल्या सासूची आठवण काढून एक सुस्कारा सोडला आणि वाद संपला.

गाडीनेही त्यांची लाज कधी घालवली नाही. जिंतूर रोडवर नुसते खड्डे होते तेव्हाही ती वेळेत पोचली, आणि रस्ता खणून ठेवला होता तेव्हा शेतातून पोचली. आरटीओच्या पासिंगला ते तिला नवरीसारखं नटवून नेत. ती पास झाली की गावात पेढे. गावची वऱ्हाडं, कापसाची बोचकी, एकदा तर टपावर पलंग आणि पलंगावर बसलेला नवरदेवाचा मामा, एवढं सगळं तिने वाहिलं. तक्रार मामानेच केली.

खोट निघाली ती तात्यारावांच्या डोळ्यांत. गेल्या पावसाळ्यानंतर ते मला विचारू लागले, मॅडम, डाव्या अंगानं कोन यायलंय का? मला वाटलं, गंमत करतात. मग एके दिवशी डावीकडून एक म्हैस रस्त्यावर आली. मी खिडकीतून तिला चांगलं अर्धं मिनिट येताना पाहिलं. तात्यारावांना ती दिसलीच नाही. मी किंचाळले, त्यांनी ब्रेक दाबला. म्हैस बोनेटपासून हातभर अंतरावर उभी राहिली आणि आमच्याकडे तुच्छतेने बघून निघून गेली. मी स्वतःवर चिडले, कारण मला दोन महिन्यांपासून शंका होती आणि खिडकी जाईल म्हणून मी गप्प बसले होते. वेळेवर पोचवणारी दुसरी सोय नव्हती ना.

त्या रविवारी मी आणि कमलबाई त्यांना परभणीत डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, बाजूचं दिसणं गेलंय ते परत येणार नाही, औषधाने उरलेलं टिकेल, पण गाडी चालवणं बंद. समोरचं तर समदं दिसतंय, असं तात्याराव म्हणत राहिले. डॉक्टर म्हणाले, काका, माणसं बाजूनेच येतात. बाहेर आल्यावर त्यांनी सवयीने ड्रायव्हरच्या सीटकडे पाऊल टाकलं. मी वाटेत उभी राहिले आणि म्हटलं, “तात्याराव, धागा तुटलाय. आता माग थांबवा.”

ते थांबले. सोळा वर्षांत त्यांनी माझं ऐकल्याची ही पहिली वेळ, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही. गाडी त्या दिवशी दत्तराव गुरुजींनी येऊन झरीला नेली.

मुलगा हरिओम पुण्यात नोकरीला. त्याचं म्हणणं, गाडी विकून मोकळे व्हा. दारात उभी गाडी गंजते, हे तात्यारावांनाही कळत होतं. न जुंपलेला बैल बिघडतो, हे त्यांच्याच वडिलांचं वाक्य. पण गाडी गेली की आपण कोण, हा प्रश्न त्यांना खात होता. क्वालिसशिवाय ते गावातले चौथे नुसते तात्याराव झाले असते. हे त्यांनी मला बोलून दाखवलं तेव्हा मी हसले नाही.

गिऱ्हाईक आलं गंगाखेडहून. आबासाहेब नावाचे ऊसवाले. त्यांच्याकडे नव्या गाड्या होत्याच, पण त्यांचे वडील क्वालिसमधून फिरायचे, त्या आठवणीसाठी त्यांना एक नीट राखलेली हवी होती. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सगळे तात्यारावांच्या अंगणात जमलो. आबासाहेब एक ड्रायव्हर घेऊन आले होते. सौदा बैलबाजाराच्या रीतीने झाला. दोघांनी टॉवेलखाली हात घातले, बोटं दाबली, एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं, माना हलवल्या. किंमत काय ठरली हे आजतागायत कुणालाही माहीत नाही, आणि दत्तराव गुरुजींना त्यामुळे अजून झोप लागत नाही.

मग खोडी सांगायचा कार्यक्रम. जनावर विकताना त्याची खोड लपवायची नसते, नाहीतर इमान जातं. तात्यारावांनी एकेक सांगितलं. मागचं दार आतून उघडत नाही, कारण तिथे आपण एकदा कडबा कोंबला होता. मधल्या सीटला भोक आहे, ते एका गुरुजींच्या छत्रीचं. टपाला पोचा आहे, तो नवरदेवाच्या मामाचा. गाडीची स्वतःची खोड एकही सांगता येईना, त्या सगळ्या आमच्याच निघाल्या. आबासाहेब खूश होत गेले. कमलबाईंनी बोनेटला हळद-कुंकू लावलं, नारळ फुटला, कागदांवर सह्या झाल्या. ड्रायव्हरने चावीसाठी हात पुढे केला.

तात्यारावांनी चावी खिशात टाकली.

“जनावर इकलंय,” ते म्हणाले, “दावं न्हाई इकलं.”

बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल, पण अंगणात कुणालाच तसं वाटलं नाही. आमच्याकडे बैल विकला, गाय विकली तरी जनावर बांधायचं दावं कुणी देत नाही. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं. दाव्यासोबत घरची बरकत जाते म्हणतात. आबासाहेबांच्या घरीही हीच रीत. त्यामुळे त्यांना रागावता येईना आणि गाडी नेता येईना. ड्रायव्हर बिचारा एकदा गाडीकडे, एकदा खिशाकडे बघत होता. दत्तराव गुरुजींनी नवी चावी करून घ्यायचं सुचवलं, तर परभणीहून माणूस येणार सोमवारी. तात्याराव म्हणाले, काही घाई न्हाई, तवर गाडी इथं ऱ्हाईल. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सोमवारनंतर मंगळवार काढायची त्यांची तयारी आहे, आणि माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, “तात्याराव, दावं ठेवतात ते गोठ्यात पुढचं जनावर यावं म्हणून. तुम्ही आता पुढची गाडी आणणार आहात का?”

बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातून चावी काढली आणि आबासाहेबांपुढे धरली. “घ्या. मॅडम बरोबर बोलायल्यात. माझा गोठा आता रिकामाच ऱ्हानार हाय.”

आबासाहेबांनी हात मागे घेतला. असं बोलून दिलेलं दावं मी नेत नसतो, असं ते म्हणाले आणि खाली बघत राहिले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

कमलबाई घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुसरी चावी होती, हळदीने पार पिवळी झालेली. तात्याराव बघतच राहिले. ही चावी पहिल्याच वर्षी नदीवर गाडी धुताना वाहून गेली, अशी त्यांची पक्की समजूत होती.

“वाहून न्हवती गेली. म्या देवाजवळ ठिवली व्हती,” कमलबाई म्हणाल्या. “तुमी रोज सकाळी निघून जायचात. रस्त्यावर काय काय व्हायलंय, रोज ऐकू यायचं. म्हनलं, एक दावं घरात असू द्यावं, म्हंजे समदं फिरून घरी येतंय.”

मग त्या आबासाहेबांकडे वळल्या आणि चावी त्यांच्या हातावर ठेवली.

“ही घ्या भाऊ. ह्यांची चावी ह्यांच्यापाशी असू द्या. माझं जनावर आता घरीच ऱ्हानार हाय, मला दाव्याची गरज न्हाई.”

अंगणात एवढा हशा झाला की शेजारचे बाहेर आले. तात्याराव आधी चिडले, मग हसले, मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, वळवली, क्वालिस गंगाखेडच्या वाटेला लागली. ती गेली तिकडे आम्ही सगळे बघत होतो. एकटे तात्याराव तेवढे तिकडे बघत नव्हते. ते कमलबाईंकडे बघत होते.

“बावीस वर्सं?” त्यांनी विचारलं.

“मंग,” कमलबाई म्हणाल्या, आणि नारळाचे तुकडे आमच्या हातावर ठेवू लागल्या.