मागच्या खोलीचे पडदे

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा हा विषय मी टाळते. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका. आपली ओळख नाही म्हणूनच बहुधा.

आधी घराचं सांगू दे, कारण त्याचं नाव काढलं की आजही माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. हॉलंडमध्ये, ग्रोनिंगनला, विद्यार्थ्यांच्या गजबजलेल्या वस्तीत आमचा फ्लॅट आहे. दुसरा मजला, दोन खोल्या, शिडीसारखा उभा जिना. खाली सायकलींची ही गर्दी, कोपऱ्यावर बिअरचं दुकान, समोरच्या बाल्कनीत चक्क सोफा टाकून गाणी म्हणणारी पोरं. दारावर माझं नाव आहे, देवनागरीत. त्याखाली बारीक रोमन अक्षरं, पोस्टमनसाठी. बावीस वर्षं मस्कतला भाड्याच्या भिंतींत काढली, जिथे खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा. गुहागरचं घर दिरांचं. मग चावी हातात आल्यावर मी काय केलं असेल? पहिल्याच दिवशी सात खिळे ठोकले. टांगायला काही नव्हतं.

तर हे घर मला मिळालं. मिळालं — म्हणजे कसं मिळालं?

ते शोधलं होतं सँड्राने. सँड्रा वसईची, मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीत आमच्या बरोब्बर खालच्या फ्लॅटमध्ये राहते. तिची रेनी आणि माझी सानिका एकाच शाळेतल्या, एकाच वर्षी दोघींना ग्रोनिंगनला ॲडमिशन मिळाली. तिथे भाड्याच्या खोल्यांची मारामार, म्हणून सँड्राने घरच घ्यायचं ठरवलं. मी तिला हसले होते. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत ती महिनोन् महिने वेबसाइट चाळायची. अट एकच — झोपायची खोली शांत हवी. रेनीला अर्धशिशी आहे. आवाज झाला की पोर कपाळ धरून, भिंतीकडे तोंड करून बसते. हे मी तिच्या लहानपणापासून पाहिलंय. नीट ऐका — मला माहीत होतं.

घर सापडलं, बघायची वेळ ठरली, आणि अर्बाबने, तिच्या ऑफिसच्या मालकाने, ऐन वेळी तिची सुट्टी रद्द केली. मी मात्र त्याच आठवड्यात हॉलंडला निघाले होते, नवऱ्याच्या ट्रेनिंगला शेपूट म्हणून. सँड्रा वर आली. "मीना, तूच जाऊन बघ ना. तुझा हां म्हणजे माझा हां, खलास."

गेले. एजंटने दारात सँड्राचं नाव विचारलं आणि मी मान डोलावली. पुढच्या खोलीची खिडकी उघडली तर सगळी गल्ली आत आली — हसणं, घंट्या, कुणाचा तरी ट्रंपेट. मी तिथेच भाळले. मग मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. काही नाही. खाली अंगणात एक नासपतीचं झाड, आणि इतकी शांतता की मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. रेनीची खोली. तिथे उभी राहून मला वाटलं, ही सानिकाला हवी. खोटं कशाला बोलू — ती मला हवी होती.

रस्त्यावर येऊन मी फोन लावला. गल्लीचा गोंगाट सँड्राला ऐकवला. बिअरचं दुकान सांगितलं, जिना सांगितला. सगळं खरं. शेवटी तिने विचारलं, "आणि मागची रूम?"

"तिथेही तेवढाच आवाज."

बस. तीन शब्द. 

तिथे बोली बंद पाकिटात जाते, दुसरं कोण बोली लावतंय ते कळत नाही. एजंटला मी म्हटलं, नाव लिहिताना घोटाळा झाला होता. माझं पाकीट गेलं. सँड्राचं गेलं नाही. घर आम्हाला मिळाल्याची मेल आली तेव्हा हॉटेलच्या लॉबीत मी नाचले, अक्षरशः. लाज वाटली का? नाही हो. तेव्हा नाही.

परतल्यावर सँड्राला सांगितलं की कुणी घेत नव्हतं म्हणून आम्हीच घेतलं, आणि आमच्या सानिकाला काय, ढोलताशातही झोप लागते. ती मग हसली. "तुम्ही गणपतीवाले. तुम्हाला काय नॉइजचं." त्यानंतर पंधरा दिवस संध्याकाळी खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता. सँड्रा पडदे शिवत होती — जाड, दुहेरी अस्तराचे, सानिकाच्या मागच्या खोलीसाठी. आवाज अडावा म्हणून.

ते पडदे मी हसत घेतले, आणि त्या खोलीत लावलेसुद्धा.

सँड्राचं दुसरं घर काही जमलं नाही. रेनी गावाबाहेर, आठ जणींच्या घरात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत राहते. गेल्या हिवाळ्यात मी तिकडे होते, तेव्हा परीक्षेच्या आधी ती आमच्याकडे राहायला आली. मागच्या खोलीत दहा तास झोपली. सकाळी चहा घेताना म्हणाली, "आंटी, मम्मीचे कर्टन्स ना, खूप चांगले आहे. काहीच आवाज नाही आला."

मी हो म्हटलं. वर सँड्राला फोन करून कौतुकाने सांगितलंही. किती खूश झाली ती.

घर मला आजही तितकंच आवडतं. नाव दारावर दिसलं की आजही छाती फुगते. ते परत द्यावं असं मला वाटत नाही, हेही इथे सांगून ठेवते.

परवा मुलींच्या पदवीदानाला निघतोय, सँड्रा आणि मी, एकाच विमानाने. ती आमच्याकडेच उतरेल, मागच्या खोलीत झोपेल. तिथे काय ऐकू येतं, ते या वेळी तिचं तिलाच कळू दे. सानिकाला फोन करून मी तिथले पडदे उतरवून ठेवायला सांगितले आहेत.