मिशरीच्या रंगाची कॅप

"खरं सांगा मॅडम, ह्यो दात कुणाचा हाय?"

हौसाबाई खुर्चीत बसायलाही तयार नव्हत्या. कळंबच्या या पन्नाशीच्या बाईंच्या पुढच्या दातावर मी चार महिन्यांपूर्वी कॅप बसवली होती. मंचरला माझा दवाखाना सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. बाहेर बाकावर सहा-सात पेशंट होते, दार उघडं होतं आणि सगळ्यांचे कान आत होते.

"तुमचाच आहे, मावशी. वर फक्त कॅप आहे."

"मग माझं समदं दात पांढरं झालं, आन ह्यो एकलाच असा का ऱ्हायला?"

त्यांनी ओठ वर केला. गावच्या शाळेत दातांचं शिबिर झालं होतं, तिथे त्यांनी मशीनने दात साफ करून घेतले होते. सगळे दात स्वच्छ, आणि मधोमध माझी कॅप चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी.

"गावात बाया म्हंत्यात, मोठ्या दवाखान्यात मेलेल्या मान्सांचं दात काढून घेत्यात आन तेच दुसऱ्याला बसवत्यात. कुण्या म्हातारीचा दात घातलाय तुमी मला."

"असं काही नसतं हो."

"मोठ्या जाऊबाईंनी सांगितलंय, मेल्याचा दात तोंडात ठिवून सटीच्या निवदाला हात लावायचा न्हाई. सासू गेल्यापासून मीच करते निवद. बावीस वर्सं झाली." त्यांनी कॅपवर बोट ठेवलं. "चार दिस ऱ्हायलेत. उपटा ह्यो दात."

चंपाषष्ठीला खंडोबाचा नैवेद्य, भरीत आणि रोडगे, हा त्या घरात हौसाबाईंचा मान होता. तो जात होता, आणि तो राखायला त्या चांगला दात मुळासकट उपटायला निघाल्या होत्या. मला गावातल्या बायांचा राग आला. पण कॅप तपकिरी का, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा आमच्याकडे पुढच्या दाताला मेटल-सिरॅमिकची कॅप बसवायचे. आत धातूची पातळ टोपी, आणि तिच्यावर कपबशीच्या जातीची पूड थर देऊन भट्टीत भाजलेली. रंग एकदा भाजला की कायमचा. तो ठरवायला नमुन्याच्या दातांची एक पट्टी असते. ती पेशंटच्या दातांशेजारी उजेडात धरायची आणि जुळणाऱ्या दाताचा नंबर चिठ्ठीवर लिहून पुण्याच्या लॅबला पाठवायचा.

हौसाबाईंचे दात तेव्हा मिशरीने काळपट होते. मिशरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. आमच्या भागातल्या बायका सकाळ-संध्याकाळ ती दातांना लावतात, आणि ती सुटता सुटत नाही. आधी दात साफ करायचे आणि मग रंग ठरवायचा, असं कॉलेजात शिकवलेलं. मी त्यांना मिशरी सोडायला सांगितलं. त्यांनी कमरेची डबी काढली आणि माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"झालं. आजपास्नं बंद."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, घरी दुसरी डबी असणारच. महिनाभरात दात पुन्हा काळे होतील आणि पांढरी कॅप उठून दिसेल. म्हणून दात साफ न करताच मी सर्वांत गडद नंबर लिहिला, खाली "तपकिरी डाग टाकणे" अशी सूचनाही दिली. कॅप आली ती बेमालूम जुळली. मी स्वतःवर फार खूष होते.

आता बोलून उपयोग नव्हता. मी त्यांच्या हातात आरसा दिला आणि कॅपला मशीनने उभी चीर पाडली. आधी सिरॅमिकचे कपचे उडाले, मग चकचकीत धातू दिसला. कॅप निघाली. खाली त्यांचाच दात होता, कोरून बारीक केलेला.

"मेलेल्या माणसाच्या दाताला आतून पत्रा असतो का, मावशी?"

त्यांनी कॅप बोटांत धरून उलटसुलट पाहिली. चेहरा सैल झाला. मग पुन्हा संशय आला.

"पर मग काळी का केली?"

लॅबवर ढकलावं असं मनात आलं. पुण्याला विचारायला कोण जाणार होतं? पण त्या माझ्या तोंडाकडेच बघत होत्या.

"मीच तसं लिहून दिलं होतं. तुम्ही मिशरी सोडाल असं मला वाटलं नाही."

बाहेरच्या बाकावरची दोघं दारातून आत डोकावली.

"तुमच्यासमोर डबी टाकली व्हती मी."

"हो."

"पंधरा दिस डोकं दुखत व्हतं माझं. पर हात न्हाई लावला."

मला मान वर करवेना. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. त्याच बैठकीत त्यांना प्लास्टिकची पांढरी तात्पुरती कॅप बसवली. कापलेली कॅप त्यांनी जाऊबाईंना दाखवायला पदराच्या गाठीत बांधून नेली. नैवेद्य त्यांनीच केला.

आठवड्याने त्या रंग ठरवायला आल्या. पट्टी माझ्या हातातून घेतली, आरसा घेऊन उजेडाला गॅलरीत उभ्या राहिल्या आणि स्वतः नमुना निवडला. बरोबर निवडला. मी चिठ्ठी लिहिली. ती त्यांनी उचलली आणि बाहेर बाकावर बसलेल्या ग्रामसेवकांपुढे धरली.

"भाऊ, काय लिवलंय ते मोठ्यानं वाचा बरं."

त्यांनी वाचलं. नंबर एवढा, डाग नको. हौसाबाईंनी चिठ्ठी आणून माझ्या टेबलावर ठेवली.

"आता पाठवा."

तेव्हापासून मी आधी दात साफ करते आणि मगच पट्टी काढते. हौसाबाई पुढे कित्येक वर्षं माझ्याचकडे आल्या. पण मी काहीही लिहून दिलं, साधं औषध का असेना, की ते आधी बाहेर बाकावर वाचून घ्यायच्या. मी कधी हरकत घेतली नाही.