महिनाभर दिवस नकोत

अन्नपूर्णाबाईले आमच्या वडनेरात बोलण्यात कोणी हरवत नाही. मी नसीमा, गावची आशा सेविका. दहा वर्षं झाली, तिच्या दारातून एकदाही चार बोलणी न खाता बाहेर पडली नाही.

पण चूक माही होती, ते पहिले सांगतो. तिच्या सुनेचं, प्रेरणाचं, पहिलं बाळंतपण सुखरूप झालं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिच्या रक्तात रुबेलाशी, त्या गोवरासारख्या आजाराशी, लढायची ताकद नाही. घरी जायच्या आधी सुई देऊन टाकू. पुढच्या खेपेले पोटुशी असताना तो आजार झाला तं लेकराचे कान, डोळे जातात. सासूले समजवायचं काम माह्याकडं आलं. घाईत मी नेमकं उलटं टोक धरलं. म्हटलं, "सुई घेतली का महिनाभर दिवस राहू देऊ नका."

झालं! "म्हंजे मूल बंद करायची सुई होय हे!" अन्नपूर्णाबाई वार्डात कडाडली. "काऊन वं नसीमा, माह्या घराच्या मुळावर उठली?" मी म्हटलं, बाप्पा, एकच महिना, सावधगिरी म्हणून. कोण ऐकते! बोचकं बांधलं, सुनेले घेऊन ऑटोत बसली. मलेही राग आला. जाय मंग, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन सगळं नीट सांगाले पाह्यजे होतं. गेली नाही.

दोन वर्षांनी प्रेरणाले पुन्हा दिवस गेले. दुसऱ्या महिन्यात अंगावर बारीक पुरळ उठलं, जरासा ताप. उन्हाळा होता. सासूनं घामोळ्या समजून मुलतानी माती लावली. तीन दिवसांत गेलं. मले कोणी सांगितलं नाही.

पोरगी झाली, लय गोड. पण सहा महिन्यांची झाली तरी ताट आपटा, दार आपटा, मान वळवत नव्हती. तपासलं तं निरा बहिरी. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "पोटुशी असताना अंगावर पुरळ आलं होतं का?" प्रेरणा सासूकडं पाहत राह्यली.

अन्नपूर्णाबाई तिथंच सुनेची बाही वर सारू लागली. "द्या ते सुई. आत्ताच द्या. पाया पडतो तुमच्या."

डॉक्टरीणबाईनं रक्ताचा रिपोर्ट पाह्यला. "आता हिला गरज नाही, आजी. आजार होऊन गेला, आता ताकद आली. पुढच्या बाळाला धोका नाही."

म्हातारीनं बाही सोडली. नातीले उचललं, तिच्या कानाशी तोंड नेलं आन् रडत म्हणाले लागली, "माही चूक झाली माय, माही चूक झाली." पोरगी तिच्या गळ्यातली पोत ओढून हासत होती.