वॉल्टची वीस काडतुसं

शरयू खानविलकर बंदूक चालवते ही बातमी मिशिगनमधल्या ट्रॉयच्या मराठी मंडळात पोचली, तेव्हा गणपतीच्या वर्गणीची मीटिंग बाजूला राहिली आणि तासभर तोच विषय चघळला गेला. एकीने तोंडावर विचारलं, "अगं, भीती नाही वाटत?"

"तुम्ही पाच-सहा जणी एकत्र बसून माझं नाव काढता तेव्हा वाटते," शरयू म्हणाली. "बंदुकीची नाही वाटत."

कोल्हापूरची पोरगी. कॉलेजात एनसीसीमध्ये नेम धरायला शिकली, लग्नानंतर संजीवबरोबर मिशिगनला आली, आणि मोटारींच्या सीटा तपासणाऱ्या कंपनीत लागली. सीट किती वेळा आपटल्यावर तुटते हे बघणं, हे तिचं काम. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत तिने रायफलला बोट लावलं नाही. व्हिसावरच्या माणसाने नुसतं काडतूस जवळ बाळगलं तरी भानगड होऊ शकते, हे तिने स्वतः कायदा वाचून काढलं होतं. कार्ड आलं आणि त्याच महिन्यात बाई रायफल क्लबात हजर.

तिथे तिला वॉल्ट भेटला. मोटार कारखान्यातून रिटायर झालेला, सत्तरी उलटलेला. सहाशे यार्डांवरच्या कागदावर नेम धरायचा तर दुकानातलं काडतूस चालत नाही, आपलं आपणच भरावं लागतं, हे त्याने तिला शिकवलं. प्रत्येक रायफलच्या नळीची आपली एक आवड असते. पावडर किती, गोळी काडतुसाच्या पितळी पुंगळीत किती खोल बसवायची, हे थोडं थोडं बदलत जायचं. पाच-पाच गोळ्या झाडून बघायच्या, भोकं कागदावर कधी जवळ येतात ते पाहायचं. एक दिवस ती पाचही भोकं एका चहाच्या बशीखाली झाकली जातात, आणि मग माणसाला दुसरं काही सुचत नाही. शरयूलाही सुचेना. तळघरात तिने ओटा घातला, तराजू आणला, आणि शनिवारची शॉपिंग बंद केली.

वॉल्टचा एक नियम होता: दुसऱ्याच्या हातचं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही. सख्ख्या भावाच्या हातचंसुद्धा नाही. पण संधिवाताने त्याची बोटं आखडली. ट्रिगर ओढता येई, पण चिमटीत गोळी धरवेना. तेव्हा त्याने आपल्या रिकाम्या पुंगळ्या शरयूपुढे ठेवल्या आणि म्हणाला, "तू भर." एवढंच. शरयूला वाटलं, आपल्याला पदक मिळालं.

दोन हजार सहाच्या जूनमधली गोष्ट. शनिवारी क्लबची मॅच होती. वॉल्टची वीस काडतुसं शरयूने बुधवारी संध्याकाळी भरली आणि गुरुवारी कामावर जाताना त्याच्या घरी पोचवली. ती स्वतः या मॅचला उतरणार नव्हती, तिची नळी अजून तिच्यावर रुसलेली होती. म्हणून शनिवारी सकाळी ती निवांत चहा ठेवायला स्वयंपाकघरात आली, आणि तिने सिंकशेजारी काय पाहिलं? पावडरचा काळा प्लास्टिकचा डबा. घासूनपुसून, उपडा घालून वाळत ठेवलेला.

"आई, हा डबा इथे कसा?"

सरलाबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, सहा महिन्यांसाठी दादरहून आल्या होत्या. त्या भाजी निवडत बसल्या होत्या. "अगं, खाली दोन अर्धे अर्धे डबे होते. दोन्हीत तीच काळी पूड. एकात एक ओतून टाकली. झाकण काय घट्ट आहे गं त्याचं! मेतकुटाला छान होईल."

चहा, रवा, तूरडाळ, अर्ध्या डब्यांची लग्नं लावणं हा सरलाबाईंचा स्वभावच. पण खाली एका डब्यात होती संथ जळणारी पावडर, वॉल्टच्या रायफलीची. आणि दुसऱ्यात तिच्या छोट्या रायफलीची, झटक्यात भडकणारी. ती दुसरी वॉल्टच्या काडतुसात गेली, तर रायफल फुटायची. आणि रायफल फुटते ती नेम धरणाऱ्याच्या गालाशी.

"कधी ओतली?"

"एकादशीला. साबुदाणा भिजला होता, हात रिकामे होते."

"एकादशी कधी होती?"

"गुरुवारी. कॅलेंडर बघ की."

संजीव तिथेच उभा होता. तो म्हणाला, "आई, ते कॅलेंडर मुंबईचं. इथे तिथी कधी कधी एक दिवस आधी लागते. देवळाच्या ईमेलमध्ये बुधवार होता. मीच तुला सांगितलं होतं."

"मग मी बुधवारी केली का गुरुवारी?" सरलाबाईंचा चेहरा उतरला. "तू सांगितलंस खरं. पण मी तुझं ऐकलं का, ते आठवत नाही."

बुधवार असेल तर पावडर आधी मिसळली आणि काडतुसं नंतर भरली. गुरुवार असेल तर वॉल्ट वाचला. बुधवारी भरताना दुसरा डबा फळीवर होता की नाही, हे शरयूलाही आठवेना. त्याच्या मोबाइलवर फोन लावला. वाजत राहिला. तो रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, जाताना फोन ट्रकमध्येच टाकायचा. क्लबच्या फोनवर रेकॉर्ड केलेल्या बाईने मॅचच्या शुभेच्छा दिल्या. शरयूने किल्ली उचलली. सरलाबाई साडीवर स्वेटर चढवून दारात उभ्या.

"तुम्ही कुठे?"

"मी ओतलीय ना? मग त्याच्यासमोर मीच उभी राहणार. चल."

रस्ताभर शरयू पुढच्या प्रत्येक गाडीला कोल्हापुरी शिव्या घालत होती, आणि सासूबाईंनी पहिल्यांदाच त्या ऐकूनही ऐकल्या नाहीत.

पार्किंगमध्ये दार उघडलं आणि कानावर आवाज आला. धाड! थोडं थांबून पुन्हा धाड! मॅच सुरू झाली होती. शरयू पळत सुटली. नेमबाजांच्या रांगेत चौथ्या जागी वॉल्ट पालथा पडलेला, गाल रायफलीला टेकवलेला. त्याने नुकतंच नवं काडतूस आत सरकवलं होतं.

धोका दिसला तर रेंजवर कोणीही ओरडावं आणि सगळ्यांनी थांबावं, असा नियम आहे. पण नियम भिंतीवर असतो. वीस गोऱ्या पुरुषांच्या मॅचमध्ये, जिचं नाव अजून अर्ध्यांना नीट घेता येत नाही अशा बाईने ओरडायचं, आणि मग काहीच निघालं नाही तर जन्मभराचं हसं. शरयूच्या मनात हे येऊन गेलं. येऊन गेलं तोवर तोंड उघडलेलं होतं.

"सीज फायर! सीज फायर!"

सगळी रांग गप्प झाली. रेंज ऑफिसरने शिट्टी फुंकली. वॉल्टने बोट बाजूला घेतलं, काडतूस बाहेर काढलं आणि मान वळवली.

"शरा? काय झालं?"

तिने धापा टाकत सांगितलं. शेजारचा टोपीवाला कुरकुरला, "इतका छान वारा पडला होता. घालवलास."

"वारा परत पडेल," शरयू कडाडली. "डोळा गेला तर परत येत नाही."

वॉल्टने तीन गोळ्या झाडल्या होत्या. त्या नीट गेल्या म्हणून बाकीच्या नीट आहेत असं नाही. डब्यात वरची पूड वेगळी, खालची वेगळी असू शकते. त्याच्या पेटीत काडतूस उघडायची प्लास्टिकची हातोडी होती. शेडमध्ये टेबलावर शरयूने एक काडतूस तिच्यात अडकवून आपटलं, गोळी निघाली, पूड कागदी प्लेटमध्ये सांडली. संथ पावडरचे दाणे लांबट, पेन्सिलीच्या शिशाच्या तुकड्यांसारखे. झटक्यावालीचे बारीक, जेमतेम राईएवढे. शरयूने बघितलं. लांबट. सगळे लांबट.

तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. सरलाबाईंनी चष्मा सावरला, प्लेट पुढे ओढली आणि तांदूळ निवडावेत तशी बोटाने पूड पसरली. "बारीक काही नाही गं. दुसरं उघड."

दुसरंही तसंच. पाचवं, सहावंही. वॉल्ट म्हणाला, "पुरे झालं. बाकीची मी झाडतो. अजून वेळ आहे."

"नाही. सहा बघितली म्हणजे सगळी बघितली नाही."

"माझी मॅच जाईल."

"जाऊ दे."

तो हसला आणि पुढचं काडतूस स्वतःच तिच्या हातात दिलं. शेवटची प्लेट पसरली तेव्हा सासू-सून दोघी वाकलेल्या होत्या. एकही बारीक दाणा नव्हता.

"म्हणजे गुरुवारच खरा!" सरलाबाई ताठ झाल्या. "देवळातल्या गुरुजींपेक्षा माझं कॅलेंडर बरं." आणि लगेच डोळ्यांना पदर लावला.

शरयू तिथेच गवतावर बसली. हसू येत होतं आणि थांबतही नव्हतं. जूनचं ऊन पाठीवर इतकं छान लागेल असं तिला सकाळी कोणी सांगितलं असतं तर तिने त्याला मारलं असतं.

सरलाबाई वॉल्टसमोर उभ्या राहिल्या. "याला सांग, चूक माझी. डबे मी आवरले. तुझ्यावर राग धरू नको म्हणावं."

शरयूने सांगितलं. वॉल्टने आपली घडीची खुर्ची उघडून म्हातारीला बसवलं. मग शरयूशेजारी, गुडघे कुरकुरत, गवतावर टेकला आणि रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

"पुढच्या महिन्याच्या मॅचसाठी," तो म्हणाला.

"अजून माझ्याच हातची?"

"जिला एवढ्या लोकांत ओरडायची लाज वाटत नाही, तिच्याच हातची. माझा नियम आता असा आहे."

"काय म्हणाला गं?" सरलाबाईंनी खुर्चीतून विचारलं.

"म्हणाला, पुढच्या वेळी खालच्या डब्यांना हात लावू नका."

"एवढंच? मघाशी तर बराच वेळ बोलत होता."

"एवढंच, आई," शरयू म्हणाली, आणि पिशवी घट्ट धरून बसली.