नियम क्रमांक चार

या साइटवरचा, भुताखेतांच्या अनुभवांचा, सहा वर्षांपूर्वी शेवटचा प्रतिसाद आलेला हा धागा मी आज वर काढतोय. "गाडलेली मढी कशाला उकरता", "काय हे उत्खनन" वगैरे जे म्हणायचं असेल ते खुशाल म्हणा... एकेकाळी असं ओरडणाऱ्यांत मीच सगळ्यात पुढे होतो, आणि त्याचीच ही हकीकत आहे. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कुणी किस्सा सांगायला लागलं की मी वेळ, वार, साक्षीदार विचारून त्याला भंडावून सोडायचो. आता माझ्यावर वेळ आलीय, तर सगळं नीट सांगतो.

सत्त्याण्णव सालचा डिसेंबर. नवीन पनवेल, तिसरा मजला, दोन खोल्या. मी आणि बायको वैशाली, लग्नाला दीड वर्ष झालेलं. हॉलच्या कोपऱ्यात माझा कम्प्युटर, त्याला मोडेम, आणि त्यावर मी एक 'बोर्ड' चालवायचो. हे इंटरनेट नव्हे हां! सभासद आपापल्या घरून मोडेमने माझ्या नंबरावर फोन लावायचे — एका वेळी एकच — निरोप वाचायचे, लिहायचे आणि लाइन सोडायचे. मराठीच, पण रोमन अक्षरांत. सभासद पुरते तीससुद्धा नव्हते, पण माझा रुबाब कलेक्टरचा.

नियमही माझेच. त्यातला चौथा माझा लाडका: तीन महिने थंड पडलेल्या चर्चेत उत्तर लिहायचं नाही. अगदीच नवीन मुद्दा असेल तर तो पहिल्या ओळीत सांगायचा. कारण कुणी उत्तर लिहिलं की ती चर्चा यादीत सगळ्यात वर यायची, आणि कुणीतरी "छान!" एवढंच लिहून वर्षभरापूर्वीचं भांडण पुन्हा वर आणायचं. मी असे निरोप सरळ पुसायचो. पहिली ओळ बघायची, मुद्दा नाही? उडवा.

या नियमावरून देवधरकाकांचं आणि माझं कायम वाजायचं. काका जुन्या पनवेलात राहायचे. कारखान्यात बॉयलरवर आयुष्य काढून रिटायर झालेले, आणि साठीनंतर हौसेने कम्प्युटर शिकलेले. "अरे मंदार, चर्चा थंड पडली म्हणजे प्रश्न सुटला का?" असं म्हणायचे. मी म्हणायचो, "काका, नियम म्हणजे नियम." मग ते हसून सोडून द्यायचे.

आदल्या हिवाळ्यात मीच बोर्डावर विचारलं होतं, गॅस गीझर घ्यावा का. काकांनी लिहिलं: घे, पण बाथरूमची खिडकी कधी बंद करू नकोस. कोंडलेल्या हवेत तो गॅस जळला की विषारी वायू होतो, वास येत नाही, माणूस झोपल्यासारखा जातो. मी गीझर घेतला, चर्चा थंडावली. ऑगस्टमध्ये काका हार्ट अटॅकने गेले. मी त्यांना खांदा दिलाय, म्हणजे त्यात शंका नको.

डिसेंबरमधल्या एका गुरुवारी सकाळी बघतो तर गीझरची चर्चा यादीत सगळ्यात वर! लिहिणारा — देवधर. पहिली ओळ: "मंदार, नियम मोडतोय, माफ कर, पण..." माझं डोकंच फिरलं. कुणीतरी काकांचा पासवर्ड मिळवून थट्टा करतंय. मेलेल्या माणसाच्या नावाने थट्टा! पुढचं न वाचता पुसून टाकलं.

शुक्रवारी पुन्हा. पहिली ओळ तीच माफीची, पण या वेळी निरोप लांबलचक, अख्खी स्क्रीन भरलेली. वैशाली मागे चहा घेऊन उभी होती. म्हणाली, "अरे, वाच तरी एकदा! एवढं कुणी उगाच लिहील का?"

"पहिल्या ओळीत मुद्दा आहे का? नाही ना? मग झालं."

"काय हट्टी आहेस रे तू..."

पुसला. काकांचं खातंही बंद केलं. तरी चैन पडेना म्हणून काकूंना फोन केला. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "त्यांचा कम्प्युटर तर श्रावणातच मुलगा पुण्याला घेऊन गेला रे. का, काय झालं?" मी काहीतरी थाप मारली आणि फोन ठेवला.

शनिवारी दुपारी आमच्या अख्ख्या लाइनीचे फोन बंद पडले. पळस्प्याच्या बाजूला कुणीतरी खोदताना केबल तोडली होती. संध्याकाळी टेलिफोनचा लाइनमन, ओवे गावचा म्हात्रे, खाली भेटला. म्हणाला, "दोन-तीन दिवस तरी आशा नाय साहेब. आमी काय करनार, केबलच कापली हाय."

फोन नाही म्हणजे बोर्ड नाही. रिकाम्या हाताला काहीतरी काम हवं, म्हणून मी वैशालीचं एक जुनं गाऱ्हाणं मिटवलं. बाथरूमच्या खिडकीतून कबुतरं आत यायची. मॉनिटरच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि खिळे मारून घट्ट बसवला. काकांचं गेल्या वर्षीचं वाक्य? देवाशपथ सांगतो, आठवलंसुद्धा नाही.

रविवारी सकाळी साडेनऊला वैशाली न्हायला गेली. तिचे केस कमरेपर्यंत, रविवारची अंघोळ म्हणजे अर्धा तास. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. कम्प्युटर नुसता सवयीने चालू. सहज मान वर केली, तर यादीत गीझरची चर्चा सगळ्यात वर.

मी आधी फोन उचलला. कानात काही नाही, पूर्ण डेड. मग निरोप उघडला. या वेळी माफी नव्हती.

"नियम चार. नवीन मुद्दा: खिडकीवरचा पुठ्ठा काढ. आत्ता."

पेपर टाकून बाथरूमकडे धावलो. दार ठोठावलं, हाका मारल्या, आतून नुसता पाण्याचा आवाज. तिसऱ्या लाथेला कडी तुटली. वैशाली स्टुलावर बसून भिंतीला टेकलेली, डोळे अर्धे उघडे, आणि वर गीझर शांतपणे जळतोय. चादरीत गुंडाळून तिला गॅलरीत आणलं, तेव्हा तिने एकदा मोठ्ठा श्वास घेतला आणि ओकली. तो आवाज ऐकून मी लहान पोरासारखा रडलो. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले. म्हणाले, "आणखी पाच-सात मिनिटं गेली असती तर मला बोलावून उपयोग नव्हता."

नंतर म्हात्रेला खोदून खोदून विचारलं, की रविवारी लाइन मिनिटभर तरी चालू झाली होती का? तो माझ्याकडे बघतच राहिला. "मंगलवारी जोडली ना केबल! त्याच्या आधी फोन कुठून येनार?" बरं, खातं बंद होतं. पुठ्ठा मी शनिवारी संध्याकाळी लावला, आणि ते वैशाली आणि माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. उलटसुलट सगळा विचार केला, अजूनही करतो. हाती काही लागत नाही.

पण मला छळतं ते वेगळंच. गुरुवारी आणि शुक्रवारी पुठ्ठा लावलेलाच नव्हता. मग त्या दोन निरोपांत काका काय सांगत होते? पुढे काय होणार तेच? की दुसरंच काही? एका ओळीत मावण्याजोगं असतं तर शुक्रवारी त्यांनी स्क्रीन भरून कशाला लिहिलं असतं?

बोर्ड बंद होईपर्यंत, दोन वर्षं, दर रविवारी मी स्वतः नियम चार मोडून त्या चर्चेत लिहीत राहिलो: "काका, मी न वाचता पुसलं. चुकलो. परत लिहा." उत्तर कधीच आलं नाही.

वैशाली ठणठणीत आहे. तिला बाथरूममध्ये पाच मिनिटं जास्त लागली की मी अजून दार वाजवतो, आणि ती आतून ओरडते, "जिवंत आहे रे बाबा!" आणि इथे कुणी जुना धागा वर काढला, की तुम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडता तेव्हा मी गप्प बसतो आणि त्याने लिहिलेलं शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. शुक्रवारचा तो निरोप मात्र मी वाचला नाही, तो आता कुठेच नाही.