निरंक वर्षाचा खुलासा

मैंदर्गीत सिद्धलिंगअण्णांना विचारल्याशिवाय पाऊस पडत नसे. निदान कागदावर तरी. एकतीस वर्षं रोज सकाळी साडेआठला सरकारी पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं आणि आकडा वहीत चढवायचा, एवढी त्यांची नोकरी. थोरल्या लेकीच्या लग्नात अक्षता हातात तशाच धरून ते मोजायला पळाले होते. निवृत्त झाले तरी, "चहा दोन मिलिमीटर कमी हाय की," हे त्यांच्या बायकोला, रंभाबाईंना, रोज ऐकावं लागे.

एके दिवशी सोलापूरहून संशोधन करणाऱ्या निवेदिता मॅडम आल्या. राज्याच्या हद्दीपलीकडच्या चुनखडीच्या गुहेतला, थेंब थेंब साचून उभा राहिलेला दगड त्यांनी कापून तपासला होता.

"पाऊस जास्त झाला की पाण्यात हलका ऑक्सिजन वाढतो, अण्णा. तो दगडात थराथरानं बसतो. त्यावरून मला दोन हजार वर्षांचा पाऊस काढायचाय. पण दगड खरं बोलतो का, ते आधी तुमच्या वहीशी ताडून बघायचं."

"म्हंजे दगड आमच्या हाताखाली हाय म्हना की!" अण्णा खुलले.

"तीस वर्षं जुळली. अठरावं नाही. दगड म्हणतो भरपूर पाऊस, वही म्हणते जून ते सप्टेंबर निरंक. आमचे सर म्हणतात, एक वर्ष खोटं तर अख्खी वही बाद."

अख्खी वही म्हणजे अख्खे अण्णाच.

"दगडच चुकला आसंल. गुहेत लई अंधार. तितं त्याला काय दिसतंय?"

"व्हय तर!" आतून रंभाबाई कडाडल्या. "त्या साली पावसानं न्हाणीची भिंत पडली, ती बी चुकूनच पडली आसंल!"

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मोजायची काचेची नळी माज्या हातनं फुटली, मॅडम. नवी द्या म्हनून चार अर्ज केले. नळी न्हाय, तर मोजमाप निरंक. मी बरुबर लिवलं की! सायबांनी पाऊस निरंक वाचला."

गाव दुष्काळी जाहीर झालं. दुष्काळाच्या पाहणीला आलेली जीप चिखलात रुतली, तेव्हा त्या निरंक पावसात भिजत ती ढकलायला अण्णाच पुढं होते.

"नळीचं एवढं लिहून द्याल, अण्णा? ते वर्ष वगळू, बाकीची तीस वाचतील."

अण्णांनी कागद मागितला. 'विषय : खुलासा' लिहून खाली रेघ मारली आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा चूक कबूल केली. सही करून कागद मॅडमपुढं सरकवला.

"आता दगडाची बी सही घ्या. उद्या त्यानं शब्द फिरवला, तर मी कुटं जाऊ?"